तीन किताब जिंकणाऱ्याचा गौरव: आधी निकष, मग गदा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापुरातल्या तुमच्या तालीम मंडळाला पुढच्या वर्षापासून ‘तिहेरी मुकुट’ नावाचा बहुमान सुरू करायचा आहे. जिल्ह्यातल्या ज्या पैलवानाने तीन मोठे किताब जिंकले, त्याला चांदीची गदा, फेटा आणि रोख इनाम द्यायचं. देणगीदार तयार आहे. बैठकीत मात्र मतं फुटली. काहींना तिन्ही किताब एकाच वर्षातले हवेत, काहींना कधीचेही चालतील. एक जुने पैलवान तीन वेगवेगळ्या वर्षी तीन किताब मारून बसले आहेत, त्यांचं काय करायचं हे ठरत नाही. आणि तालमीतली सतरा वर्षांखालची एक मुलगी यंदा शालेय कुस्तीत जिल्हा, विभाग आणि राज्य अशा तिन्ही ठिकाणी पहिली आली, म्हणून पहिला मान तिलाच द्यावा असं बऱ्याच जणांना वाटतं. तुम्ही विचारलंय ते गदा केवढी करावी आणि कार्यक्रम कधी घ्यावा.

गदेचं शेवटी बघू. मी बरीच वर्षं मैदानात पंच म्हणून उभा राहिलो आहे आणि जिल्ह्यातल्या अनेक स्पर्धांच्या नियमावल्या लिहून दिल्या आहेत. तिथून सांगतो, असा बहुमान टिकतो तो अटींवर. कोणते तीन किताब, किती काळात, कुणाच्या मान्यतेचे, एवढं कागदावर नसेल तर दुसऱ्याच वर्षी भांडण लागतं आणि तिसऱ्या वर्षी गदा अध्यक्षांच्या कपाटात राहते. तुमच्या मंडळाला नेमकं काय साधायचंय यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत, त्यामुळे काही ठिकाणी मी ‘हे तुम्ही ठरवा’ म्हणणार आहे. काही ठिकाणी मात्र माझं मत पक्कं आहे.

सुरुवात त्या मुलीपासून करतो, कारण निकषाचा सगळा प्रश्न तिच्या उदाहरणात आहे. शालेय स्पर्धेत जिल्हा जिंकला की विभागाला जाता येतं. आपल्याकडे म्हणजे पुणे विभागाला. विभाग जिंकला की राज्याला. या एकाच जिन्याच्या पायऱ्या झाल्या. राज्यात पहिली आलेली प्रत्येक मुलगी आधी जिल्ह्यात आणि विभागात जिंकलेलीच असते, त्यामुळे हिशेब असा धरला तर महाराष्ट्रात दर वर्षी प्रत्येक वजनगटात एक तिहेरी मुकुट तयार होईल. मुलीचं यश मोठं आहे, त्यात शंका नाही. पण तो एक किताब आहे, राज्य विजेतेपदाचा. तीन किताब म्हणायचे तर एक जिंकल्यामुळे दुसरा आपोआप पदरात पडता कामा नये.

जगात जिथे जिथे हा मान नावाजला, तिथे हीच गोष्ट दिसते. अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीत केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही जिंकणाऱ्या घोड्याला ट्रिपल क्राउन मिळतो. परंपरेने पहिली शर्यत सव्वा मैलाची, दुसरी त्याहून जराशी आखूड, तिसरी दीड मैलाची, आणि तिन्ही पाचेक आठवड्यांत उरकायच्या. वेग, दम आणि थकवा झटकून पुन्हा उभं राहण्याची ताकद, तिन्हींचा कस लागतो. स्नूकरमध्ये यूके चॅम्पियनशिप, मास्टर्स आणि जागतिक अजिंक्यपद असे तीन मुकुट मानतात. मास्टर्सला फक्त निवडक सोळा खेळाडू, म्हणजे पहिल्याच फेरीपासून तगडी गाठ. जागतिक स्पर्धा सतरा दिवस चालते, तिथे चिकाटीचं काम. तीन वेगळ्या परीक्षा आहेत म्हणून तिन्ही जिंकण्याला मोल आलं.

आपल्या कुस्तीत अशा वेगळ्या परीक्षा शोधायला लांब जायला नको. माती आणि गादी (मॅट) हाच मोठा फरक आहे. महाराष्ट्र केसरीला माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम लढतीत समोरासमोर येतात, ही रचना मला म्हणूनच फार आवडते. मातीत तयार झालेल्या पोराला गादीवर पाय सरकण्याचा, गुणांच्या हिशेबाचा आणि घड्याळाचा सराव नसतो. गादीवरच्या पोराला मातीत दम कमी पडतो. तेव्हा तुमच्या तीन किताबांत एक मातीवरचा आणि एक गादीवरचा असलाच पाहिजे, असं मी सुचवेन. तिसरा राज्याबाहेरचा ठेवा, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतलं पदक किंवा तुम्हाला मान्य असेल अशी एखादी अखिल भारतीय स्पर्धा.

इथे एक फाटा आहे. एकच किताब तीनदा जिंकणं हा वेगळा पराक्रम. नरसिंग यादव २०११, २०१२ आणि २०१३ असे सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले. पाठोपाठ विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ साली तेच केलं. लोक दोघांनाही ट्रिपल महाराष्ट्र केसरी म्हणतात आणि दोघांनाही राज्य पोलीस दलात उपअधीक्षकाचं पद मिळालं. चंद्रहार पाटील यांच्यासारखा २००७ आणि २००८ असा दोनदा केसरी झालेला मल्लसुद्धा तिसऱ्या गदेपर्यंत पोहोचू शकला नाही, यावरून तिसरी किती अवघड असते ते कळावं. पण सलग तीन वर्षं शिखरावर टिकणं आणि तीन वेगळी मैदानं मारणं या दोन कामगिऱ्यांना एकाच अटीत कोंबू नका. कोंबल्यात तर दोन पात्र पैलवान एकाच वेळी उभे राहतील आणि कोण मोठा याचा निवाडा समितीला करावा लागेल. तो निवाडा कुणालाच पटत नाही. मंडळाने एक निवडावं. मला विचाराल तर तीन वेगळे किताब निवडा, कारण एकच किताब तीनदा मारणाऱ्याकडे राज्याचंच लक्ष जातं.

आता काळाची अट. तुमच्या बैठकीत सगळ्यात जास्त आवाज यावरच चढला असणार. दोन्ही बाजूंना जगात आधार आहे. घोड्यांच्या शर्यतीत फक्त तीन वर्षांचा घोडा धावू शकतो, म्हणजे आयुष्यात एकच संधी. सायकलिंगमध्ये जिरो (इटलीची मोठी शर्यत), टूर द फ्रान्स आणि जागतिक अजिंक्यपद हे तिन्ही एकाच वर्षात जिंकण्याला मुकुट म्हणतात. पुरुषांमध्ये एडी मर्क्स यांनी १९७४ मध्ये, स्टीफन रोश यांनी १९८७ मध्ये आणि तादेय पोगाचार यांनी २०२४ मध्ये ते साधलं. उलट मोटार शर्यतीत मोनॅको ग्रां प्री, इंडियानापोलिस ५०० आणि ल माँची २४ तासांची शर्यत हे तीन किताब सगळ्या कारकिर्दीत मिळून मोजतात, आणि तरीही ते साधलेला चालक आजवर एकच: ग्रॅहम हिल. मोनॅको त्यांनी पाच वेळा जिंकली, इंडियानापोलिस १९६६ मध्ये, ल माँ १९७२ मध्ये. म्हणजे मुदत लांब असली की मान हलका होतो, असं नाही. स्पर्धा किती कठीण आणि एकमेकींपासून किती वेगळ्या, यावर ते ठरतं.

कुस्तीसाठी मात्र ‘एक कॅलेंडर वर्ष’ ही अट मी कधीच घालणार नाही. महाराष्ट्र केसरीचंच वेळापत्रक पाहा. २०१९ ची स्पर्धा प्रत्यक्षात जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झाली. मग कोरोनात खंड पडला. पुढची एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा. म्हणजे २०२१ साली कुणाला संधीच नव्हती आणि २०२३ साली दोनदा होती. पैलवानाने तयारी करायची ती स्पर्धेची. तारखा पुढे-मागे झाल्या तर त्याची शिक्षा त्याला का? शिवाय गुडघा किंवा खांदा एकदा गेला की सहा-आठ महिने आखाड्याबाहेर, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून पहिला किताब ते तिसरा किताब यांत २४ महिन्यांचं अंतर चालेल, असं लिहा. एवढ्या मुदतीत सातत्यही दिसतं आणि एका दुखापतीने पोराचं सगळं मुसळ केरातही जात नाही.

वजनाचा मुद्दा तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला तो सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. महाराष्ट्र केसरी किताबाची लढत ८६ ते १२५ किलोच्या गटात होते. तुम्ही तीन किताबांत महाराष्ट्र केसरी सक्तीची केली, तर ५७ किंवा ६५ किलोचा मुलगा जन्मभर तुमच्या गदेला हात लावू शकणार नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यांचा गट होता बँटमवेट, म्हणजे ५७ किलो. आपल्या मातीने दिलेला सर्वांत मोठा मल्ल ज्या निकषात बसत नाही, तो निकष कसला? तेव्हा वजनगटातली राज्य विजेतेपदं ग्राह्य धरा. केसरी गट हा त्यांतलाच एक माना. मुलींसाठीही तेच. महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत पहिल्यांदा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. ती स्पर्धा यादीत घ्या, पण हलक्या वजनाच्या मुलींना दुसरी वाटही मोकळी ठेवा.

मान्यतेचा कागद आधीच नीट करून घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन वेगवेगळ्या संघटनांच्या महाराष्ट्र केसरी नावाच्या दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळच्या फुलगावला आपल्या मोहोळचा सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्येही अहिल्यानगर आणि कर्जत अशी दोन मैदानं झाली. संघटनांच्या वादात कोण बरोबर हे ठरवणं तुमच्या मंडळाचं काम नाही, आणि दोन्हीकडच्या पोरांनी घाम सारखाच गाळलेला असतो. पण तुमची नियमावली गप्प राहिली तर वाद तुमच्या दारात येणार. दोन्ही धरणार की एकच, हे स्पर्धेच्या आधी ठराव करून लिहा. निकाल लागल्यावर ठरवलंत तर कितीही प्रामाणिकपणे ठरवलं तरी लोक म्हणणार, अमक्यासाठी ठरवलं.

‘जिल्ह्यातला पैलवान’ म्हणजे कोण, हेही लिहायला हवं. करमाळा तालुक्यातल्या खडकीचे बाला रफिक शेख २०१८ ला महाराष्ट्र केसरी झाले ते बुलढाण्याकडून खेळून. सिकंदर घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. गाव इथलं, तालीम तिथली, प्रतिनिधित्व तिसऱ्याच जिल्ह्याचं, हे कुस्तीत नेहमीचं आहे. माझं मत असं की जन्मगाव किंवा घर जिल्ह्यात असेल तर तो आपला. पोट भरायला आणि शिकायला बाहेर गेलेल्या पोराला परका ठरवू नये. पण तुमच्या मंडळाचा हेतू स्थानिक तालमी जगवण्याचा असेल, तर इथल्या तालमीत सराव करणं ही अटही रास्त आहे. हे तुमच्या हेतूवर सोडतो.

आणखी एक कलम लोक विसरतात: किताब काढून घेतला गेला तर? उसेन बोल्टने २००८, २०१२ आणि २०१६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये तीन-तीन सुवर्णपदकं मिळवली होती. २०१७ मध्ये एका सहकाऱ्याच्या चाचणीत बंदी असलेलं द्रव्य सापडल्याने २००८ चं रिलेचं पदक गेलं आणि नवाची आठ झाली. त्याचा स्वतःचा काही दोष नसताना. तुमच्या नियमात एवढं असू द्या की संघटनेने किताब मागे घेतला तर तो मोजला जाणार नाही आणि फिरती गदा परत करावी लागेल. दिलेलं रोख इनाम मात्र परत मागू नका.

इथवरचं थोडक्यात: तीन स्पर्धा एकमेकींवर अवलंबून नसलेल्या, त्यांत एक मातीची आणि एक गादीची, सर्व वजनगट आणि मुली धरून, २४ महिन्यांच्या आत, मान्यता आणि रहिवास आधी लिहून.

आता ते जुने पैलवान. त्यांना मान द्यावा की नाही? माझं उत्तर, जरूर द्यावा, आणि पहिलाच द्यावा, पण नियम ठरल्यावर. अमेरिकेत सर बार्टन या घोड्याने तिन्ही शर्यती जिंकल्या १९१९ मध्ये. करंडक तयार झाला १९५० मध्ये. तेव्हा पहिला करंडक सर बार्टनच्याच नावे दिला गेला आणि पुढच्या वर्षांत आधीच्या इतर विजेत्यांनाही तो मिळाला. पराक्रम आधी झाला आणि बक्षीस नंतर निघालं, एवढ्यासाठी पराक्रम करणाऱ्याला वगळायचं नसतं. फक्त तुमच्या २४ महिन्यांच्या अटीत ते बसत नसतील, तर त्यांच्यासाठी अट वाकवू नका. ‘ज्येष्ठ मल्ल गौरव’ म्हणून वेगळा सत्कार करा आणि नव्या गदेचं अनावरण त्यांच्या हस्ते करा. तिन्ही किताबांची वर्षं आणि ठिकाणं मानपत्रात नावानिशी लिहा. मी अनेक मानपत्रं वाचली आहेत ज्यांत विशेषणांची रांग असते आणि कुस्ती कुठे, कुणाशी, कोणत्या डावावर झाली याचा पत्ताच नसतो. जुन्या माणसाला हवं असतं ते नेमकं हेच की कुणीतरी त्याची कुस्ती लक्षात ठेवली.

दुसरी तयारी मनाची. बहुमान बरीच वर्षं कुणालाच मिळणार नाही. अमेरिकेत १९७८ च्या अफर्म्डनंतर २०१५ च्या अमेरिकन फेरोआपर्यंत ३७ वर्षं मुकुट रिकामा होता. त्या काळात शर्यती सोप्या करा अशी ओरड झालीच. त्यांनी तिहेरी मुकुटाचा मान कुणाला तोंडदेखला दिला नाही. तुमच्या देणगीदाराला ही गोष्ट आजच सांगा. दर वर्षी व्यासपीठ आणि फोटो हवा असेल, तर त्यांच्या पैशातून वर्षाचा उत्कृष्ट मल्ल असा वेगळा पुरस्कार काढा आणि तिहेरी मुकुट त्यापासून लांब ठेवा.

गदा. मोठी गदा फिरती ठेवा, मंडळाच्या मालकीची, तिच्या दांड्यावर प्रत्येक मानकऱ्याचं नाव कोरलेलं. ती कायमची देऊन टाकण्याचा मोह टाळा. फुटबॉलच्या विश्वचषकात तीनदा जिंकणाऱ्याला ज्यूल्स रिमे करंडक कायमचा द्यायचा असा नियम होता. १९५८, १९६२ आणि १९७० ला जिंकून ब्राझीलने तो नेला, आणि १९८३ मध्ये रिओमधून तो चोरीला गेला तो गेलाच. आताचा विश्वचषक कुणालाच कायमचा मिळत नाही. मानकऱ्याला छोटी गदा घरी न्यायला द्या. त्याच्या जोडीला एखादी अशी खूण द्या जी तो रोज अंगावर घालू शकेल. स्नूकरमध्ये २०२० पासून तिन्ही किताब जिंकलेल्या खेळाडूंच्या वेस्टकोटवर छोटासा सोनेरी मुकुट भरलेला असतो. खर्च किरकोळ, पण प्रत्येक सामन्यात समोरच्याला दिसतो. आपल्या सोलापुरात असं काही विणून किंवा भरून देणारे हात कमी नाहीत. सरावाच्या जॅकेटवर तेवढं करून द्या.

रोख रकमेबद्दल माझा आग्रह आहे. एकरकमी देऊ नका. पैलवानाचा खरा खर्च महिन्याचा असतो: दूध, बदाम, तूप, अंडी, मटण, प्रवास, फिजिओ. ठरलेली रक्कम बारा हप्त्यांत थेट पैलवानाच्या खात्यावर जमा करा. एकदम मिळालेली रक्कम मिरवणुकीत आणि उधारी फेडण्यात संपते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. पदक घेऊन परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक डोळ्यांचं पारणं फेडणारी होती, पण पदक आलं ते त्या सात हजारांमुळे.

एक व्यावहारिक बाब पोरांना स्पष्ट सांगा. मंडळाच्या मानपत्रावर शासकीय नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण किंवा दहावी-बारावीचे वाढीव गुण मिळत नाहीत. त्यासाठी शासनमान्य स्पर्धांचीच प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांची पडताळणी होते. मूळ प्रमाणपत्रं पैलवानाच्या घरी राहू द्या, मंडळाने प्रतीच ठेवाव्यात.

तारखेचं म्हणाल तर १५ जानेवारी, खाशाबांची जयंती, राज्य क्रीडा दिन म्हणून सगळीकडे सुचवली जाते. सोलापुरात ती सोयीची नाही. त्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा असते, अक्षता सोहळा आणि होम यांत सगळं शहर गुंतलेलं असतं, पोलीसही आणि तुमचे कार्यकर्तेही. २९ ऑगस्ट, मेजर ध्यानचंद यांची जयंती, जास्त बरी. पावसाचा विचार करून सभागृहात घ्या.

आणि ती मुलगी. तिला तिहेरी मुकुट देऊ नका, पण पुढच्या कार्यक्रमापर्यंत थांबायलाही लावू नका. याच महिन्याच्या बैठकीत तिच्या नावे वर्षभराच्या खुराकाचा ठराव करा आणि खुल्या गटातल्या तीन स्पर्धांची यादी तिच्या वस्तादांच्या हातात द्या, म्हणजे कोणत्या स्पर्धेला कोणत्या वजनात उतरायचं याची आखणी त्यांना आत्तापासून करता येईल. वय वाढतंय, वजनगट बदलणार आहे, आणि सतराच्या पुढे मुलींची कुस्ती सुटते ती बहुतेक वेळा घरच्या अडचणीमुळे. एकदा समितीतल्या बायकांनी तिच्या आईवडिलांना भेटून यावं. नियमावलीचा मसुदा झाला की इथेच टाका, मी कलमवार बघून देतो.